पाना-पक्कड

४ सप्टेंबर १९५७, बुधवार

तिसऱ्या इमारतीच्या जिन्याखाली गुप्ते आणि भिवा आज पुन्हा भांडताना सापडले. मी दोघांना दम भरला. मग कळले — भांडत नव्हते, तालीम करत होते!

ठाण्याच्या आमच्या वसाहतीचा गणपती आहे, त्यात रोज संध्याकाळी दहा मिनिटे या दोघांचे काहीतरी असते. नाव ‘पाना-पक्कड’. दोन दुरुस्तीवाल्यांच्या गमती. म्हणजे स्वतःच्याच. मी अजून गेलेली नाही. कामाच्या वेळेत दोघांना पुरेसे ऐकते.

पंपाचा पट्टा बदलला. ठीक चालतो आहे.


७ सप्टेंबर, शनिवार

आईने ओढून नेले. “सगळा नौपाडा येतोय तुझी माणसं बघायला, आणि तू घरी बसून रेघा मारतेस!” ती ‘माझी माणसं’ नाहीत. वसाहतीने दुरुस्तीसाठी तीन पगारी ठेवले आहेत. मी ओव्हरसियर, विश्राम गुप्ते विजेचे आणि मोटारीचे बघतो, भिवा नळ, पाइप, गिलावा. मी जूनमध्ये आले. ते दोघे इमारती बांधल्यापासून आहेत.

गेले ते बरे केले. हे फक्त इथे लिहिते.

रंगमंच म्हणजे चार फळ्या. भिवा मोरीत डोके घालून पालथा. गुप्ते बाजूला पक्कड घेऊन उभा, मदत करायची सोडून उपदेश करतो आहे. भिवा आतून ओरडतो, “विश्राम, पानी बंद केलास?”

“केलं.”

“मंग माज्या नाकात काय येतंय?”

“ते आधीचं पाणी आहे.”

यावर भिवा लगेच बोलत नाही. मोरीतून डोके काढतो. तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेतो. लोकांकडे बघतो, गुप्तेकडे बघतो. गुप्तेही तोवर मुकाट उभा. लोक त्या गप्प बसण्यातच हसायला लागतात. मग भिवा म्हणतो, “बाबा माजा मिठागरात होता. त्यानं पन येवढं जुनं पानी नाय पाह्यलं.”

आई पदर तोंडाला लावून हसत होती. मागच्या बाकावरचे मिठागरवाले तर उभेच राहिले!

पुढे त्यात एक ओव्हरसियरबाई आहे. दिसत नाही. नुसती पडद्याआडून “हं” म्हणते आणि दोघे सावधान उभे राहतात. सगळे वळून माझ्याकडे बघू लागले.

घरी येताना आईला विचारले, “मी असं ‘हं’ म्हणते का गं?”

आई म्हणाली, “हं.”


९ सप्टेंबर, सोमवार

काल विसर्जन झाले. आज ऑफिसात एक पाहुणे. वसाहतीचे सेक्रेटरी अण्णा स्वतः घेऊन आले, म्हणजे कोणी मोठे असणार. त्र्यंबकराव — अण्णांचे साडू, मुंबईला रेडिओवर असतात. गणपतीत त्यांनी ‘पाना-पक्कड’ पाहिले; पुढच्या रांगेत हसत होते ते हेच. दर गुरुवारी संध्याकाळी पंधरा मिनिटे, सहा गुरुवार, रेडिओवर करायचे म्हणतात. गुप्तेने आणि एका शिकलेल्या नटाने.

मी विचारले, “आणि भिवा?”

“गुप्त्यांचा आवाज स्वच्छ आहे. त्या दुसऱ्याचं बोलणं मुंबईत कोणाला कळायचं नाही. खूप खेडवळ पडतं हो. आमचा नट खेडवळ बोलतो, पण कळेल असं.”

भिवाचे घर इथून हाकेवर आहे. वसाहत ज्या जमिनीवर उभी आहे ती त्याच्या चुलत्याची होती. तो खेडवळ बोलत नाही, ठाण्याचे बोलतो. आपण मागून आलो.

हे सगळे मनात. तोंडाने म्हणाले, “हं.”


१० सप्टेंबर

गुप्ते ऑफिसात येऊन उभा राहिला. “बाई, काय करू?”

“हा दुरुस्ती खात्याचा प्रश्न नाही.”

तो थांबला. मी ड्रेनेजच्या नकाशावर रेघ ओढत राहिले. तो गेला. रेघ वाकडी आली, खोडावी लागली.

नंतर अंगणातल्या नळापाशी दोघांचे बोलणे कानावर आले. गुप्ते म्हणत होता, “तू नको म्हण, मी नाही जाणार.”

“जा रं! मी कशाला नुको बोलू? माना काय त्या पेटीत बसाचंय?”

“रागावलायस.”

“कोन? मी? मी नट आवलतंय.”

आवळला — आणि नट चिरला! भिवाच्या हातून नट चिरलेला मी कधी पाहिला नाही.


१२ सप्टेंबर

आज दोघे निरनिराळ्या ठिकाणी जेवले. गुप्ते पंपघरात. भिवा गच्चीवर, एकटा.


१६ सप्टेंबर, सोमवार

कळस झाला. तिसऱ्या इमारतीत वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. दोघांना घेऊन गच्चीवर गेले. टाकीच्या या बाजूला भिवा, त्या बाजूला गुप्ते. हात लांब केला तर पोचेल इतके अंतर.

भिवा मला म्हणाला, “बाय, त्याला बोला, खालचा कॉक बंद कर.”

गुप्ते मला म्हणाला, “बाई, त्याला सांगा, बंद आहे.”

“बाय, त्याला बोला, बंद हाय तर पानी कशाला येतंय?”

“बाई, त्याला सांगा, स्वतः जाऊन बघ.”

मी मध्ये उभी. मुंबईच्या टेक्निकलमध्ये तीन वर्षे काढली, वर्गात एकटी मुलगी, ती यासाठी! सांगितले, “मी पोस्ट ऑफिस नाही.” दोघांनी एकदम मान खाली घातली. पण एकमेकांशी बोलले नाहीतच. तासाभराचे काम दिवसभर पुरले, आणि संध्याकाळी पुन्हा पाणी गेले.

पूर्वी कसे असायचे? भिवाने हात मागे केला की गुप्ते न बघता नेमके हत्यार ठेवायचा. मी याची कधी नोंद घेतली नव्हती. गोष्ट चालते आहे तोवर तिच्याकडे कोण बघतो?

जिन्यात वरच्या मजल्यावरच्या सुमतीबाई भेटल्या. “काय हो, रेडिओवरचा नळ गुरुवारी दुरुस्त होणार म्हणे! आमचा कुठल्या स्टेशनवर?”


१८ सप्टेंबर

भिवाची बायको ठमाबाई आपल्याकडे जिने झाडते. आज झाडू टेकवून माझ्या ऑफिसच्या दारात बसली.

“बाय, धनी घरात बोलत नाय, जेवत नाय नीट. काल झोपंत बोलला, ‘विश्राम, पक्कड दे.’ मी लाटनं दिला हातात. घेऊन झोपला!”

मला हसू आले. तिलाही. मग ती डोळे पुसत म्हणाली, “बारा वरसांची जोडी हाय हो. त्याला दुसरा कोन नाय.”

चहा करून दिला.


१९ सप्टेंबर, गुरुवार

आज पहिला भाग. जसे घडले तसे लिहून ठेवते.

अण्णांनी रेडिओ खिडकीत आणून ठेवला. अंगणात सतरंज्या. सगळी वसाहत जमली. आई चरईच्या घरून डबा घेऊनच आली होती. भिवा आला नाही असे वाटले. मग दिसला — पंपघराच्या पायरीवर, पाठ करून, एका फुटक्या कॉकशी चाळा करत. ऐकत नाही असे दाखवत.

सुरुवात झाली. गुप्तेचा आवाज आला तेव्हा टाळ्या पडल्या. त्याचे वाक्य झाले, आणि तो थांबला. तो नट मात्र थांबला नाही, घाईने मध्ये घुसला. गुप्ते गोंधळला, दोघे एकदम बोलले. पुढच्या वाक्याला पुन्हा तेच. अंगणात कोणी हसेना. सुमतीबाई म्हणाल्या, “अग्गोबाई, पाठांतर नाही वाटतं झालं!”

पाठांतराचा दोष नव्हता. मला तिसऱ्या वाक्याला समजले. गुप्ते प्रत्येक वाक्यानंतर ठरावीक वेळ थांबत होता. तंबाखू या गालातून त्या गालात जायला लागतो तेवढाच! मुंबईला, त्या बंद खोलीत, अनोळखी माणसासमोर, तो भिवासाठी जागा सोडत होता. सवयीने. त्याला स्वतःला हे माहीत नसावे.

नटानेही मग धसका घेतला असावा. तोही थांबायला लागला. रेडिओतून नुसती खरखर.

गुप्तेचे पुढचे वाक्य आले: “पाइप तुटला नाही, जरा मोकळा झालाय.” आणि थांबला.

पायरीवरून, पाठ न वळवता, भिवा हळूच म्हणाला, “तुजी नोकरी पन व्हईल मोकली.”

जवळच्या दोघा-चौघांनी ऐकले. फसकन हसले. बाकीचे, “काय म्हणाला? काय म्हणाला?”

गुप्ते: “मी आहे ना तुझ्यामागे!”

थांबला.

भिवा: “त्याचीच भीती हाय.”

आता सगळे अंगण! ठमाबाई झाडू घेऊन उठली, “तोंड तिकडं कशाला? इकडं बोल की, भिताडाला काय सांगतोस?” लोकांनी त्याला उचलल्यासारखे करून रेडिओसमोर आणून बसवले. भिवा लाजला. पण रेडिओतून गुप्ते बोलला आणि याने उत्तर दिले. तो नट मध्ये मध्ये बोलत होताच, त्याच्याकडे लक्ष कोण देतो! गुप्ते तिकडून, भिवा इकडून. मुंबई आणि ठाणे. एकही उत्तर उशिरा नाही, एकही आधी नाही. शेवटी शेवटी भिवा रेडिओच्या लाकडी पेटीवर हात ठेवून बोलत होता, खांद्यावर ठेवावा तसा.

आईचा डबा तसाच राहिला.

रेडिओवर बातम्या लागल्या. भिवा म्हणाला, “आवाज बसलाय त्याचा. घाबारलाय,” आणि निघून गेला.


२० सप्टेंबर

गुप्ते सकाळी आला, चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा. कोणाशी न बोलता ऑफिसात.

“बाई, तुम्ही ऐकलंत?”

“ऐकलं.”

“वाईट झालं ना? मी काय बोललो मलाच आठवत नाही. इथे कोणी हसलं तरी का?”

“खूप हसले.”

“कुठे?”

“तुम्ही थांबलात तिथे.”

त्याला समजले नाही. मी काल घडलेले सांगितले, न वाढवता, न कमी करता. तो ऐकत होता. मग त्याने खिडकीतून बाहेर पाहिले. बाहेर काही नव्हते, नुसता हौद.

“भिवाला सांगू का जाऊन?”

“काय सांगणार?”

“हेच तर कळत नाही.” सांगितले नाही. दुपारी दोघे पुन्हा वेगवेगळे जेवले. पुरुष!


२३ सप्टेंबर, सोमवार

रजा घेतली. मुंबईला रेडिओच्या कचेरीत गेले. आईला सांगितले, पंपाचे सामान आणायला जाते. (आणलेही. खोटे बोलले असे नाही.)

त्र्यंबकराव वैतागलेले. म्हणाले, “तुमचे गुप्ते फार थांबतात. नट बदलून बघतो.”

मी विचारले, “झडप पाहिली आहे का तुम्ही? पाण्याच्या पंपाची?”

“झडप?”

“झडप आणि तिची बैठक एकमेकींवर घासून बसवतात. पुष्कळ दिवस. मग पाण्याचा थेंब सुटत नाही. त्यातली एक झडप काढून नवी, चांगली, महागडी घातली तरी गळते. नव्या झडपेत दोष नसतो. ती त्या बैठकीवर घासलेली नसते. तुम्ही हवे तितके नट बदला. गळेल.”

इतके सलग मी नोकरीच्या मुलाखतीतही बोलले नव्हते. त्र्यंबकरावांनी चष्मा वर सरकवला. मग म्हणाले, “पण त्याचं बोलणं कळत नाही, बाई.”

“तुम्ही गणपतीत हसला होतात. मी पाहिलं. कशाला हसलात?”

त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले.

“या गुरुवारी तुम्ही इथे थांबू नका. ठाण्याला या. दुसरा भाग आमच्या अंगणात ऐका. इतकंच मागते.”

जिना उतरताना पायऱ्या मोजल्या. उत्तम बांधल्या आहेत, सगळ्या एका उंचीच्या.


२६ सप्टेंबर, गुरुवार

आले! मदतनीसावर सोपवून आले. अण्णांनी खुर्ची दिली, त्र्यंबकराव सतरंजीवरच बसले. मी भिवाला काही सांगितले नव्हते. सांगितले असते तर तो आलाच नसता.

आज अंगणात वसाहतीबाहेरचीही माणसे. खोपटच्या एस.टी. डेपोतले ड्रायव्हर आले होते, मागच्या गुरुवारची बातमी तिथवर गेली होती! भिवा पेटीशेजारी मांडी घालून बसला, जणू ती जागा त्याचीच.

गुप्ते आज घाबरलेला नव्हता. मुद्दाम थांबत होता. तिकडे नटाचे काय झाले असेल देव जाणे. एकदा तर गुप्ते कागदात नसणारच असे काही बोलला: “इथला नळही गळतोय. तू असतास तर बरं होतं.” आणि थांबला.

तंबाखू गालातल्या गालात. अंगण वाट बघते आहे. रेडिओत खरखर. मग भिवा म्हणाला, “चावी उलटी फिरवत असशील, येड्या.”

लोक हसले. ठमाबाई हसली नाही, नाक पुसत होती. मी त्र्यंबकरावांकडे पाहिले. ते हसत नव्हते. चष्मा काढून रुमालाने पुसत होते, आणि पुसतच राहिले.

उठताना भिवासमोर उभे राहून म्हणाले, “पुढच्या गुरुवारी तुम्ही या.”

“कुटं?”

“पेटीत.”

“आन माजी भाषा?”

“आहे तशी आणा.”

भिवा माझ्याकडे वळला. “बाय, सुट्टी कोन देनार माना?”

मी म्हणाले, “अर्ज करा.”


२७ सप्टेंबर

मी पंपघराच्या दाराशी होते, दोघे आत. (मीटर वाचत होते.)

“भिवा.”

“बोल.”

“गुरुवारी तू येणार म्हणे.”

“बगतो.”

“मग आज हे जरा धर ना.”

“काय हाय?”

“वायर.”

“करंट हाय?”

“नाही.”

“तुज्या ‘नाय’वर इस्वास नाय माजा.” — आणि धरली.

दुपारी तिसऱ्या इमारतीचा वरचा मजला भरला. सुमतीबाईंनी कळशी वाजवून कळवले. मूळ दोष टाकीत नव्हताच, खालचा कॉक खरोखरच अर्धा उघडा होता! दोघांपैकी कोणीही जाऊन बघायला तयार नव्हता, आणि मी त्यांच्यावर विसंबले, म्हणून आठवडा-दीड आठवडा बाया कळशा वाहत होत्या.


३० सप्टेंबर

दोघांचे अर्ज अण्णांकडे नेले. अण्णा म्हणाले, “गुरुवारी दसरा. दोघेही गेले, आणि पंप अडला तर कोण बघणार?”

“मी.”

अण्णांनी मला साडीपासून चपलेपर्यंत पाहिले. “कागदावर नाही हो, बाई. पंपघरात.”

“पंपघरातच.”

सही केली. दोनदा करावी लागली. ते शाईचे कारण सांगत होते.


३ ऑक्टोबर, दसरा

सकाळी पंपघरात हत्यारांची पूजा. भिवाने पाना, पक्कड, करवत, सगळे घासूनपुसून पाटावर मांडले, हळदकुंकू, झेंडू. “आज ह्यांना कोनी हात लावाचा नाय. वरसाचा एक दिस त्यांचा.” मग नवी टोपी घालून गुप्तेबरोबर गेला. स्टेशनपर्यंत दोघांचे भांडण ऐकू येत होते, खिडकीशी कोण बसणार यावरून.

संध्याकाळी रेडिओतून भिवाचा आवाज आला. अंगण उभे राहिले! आणि त्याच घटकेला पंपाचा जोड सुटला. ठमाबाई म्हणाली, “हत्यारांना हात लावू नुको, बाय!” मी नमस्कार केला, झेंडू बाजूला सारला, पाना उचलला. तिला गच्चीवर टाकीपाशी धाडले, पदर खोचला, आत शिरले. फवारा थेट अंगावर.

खालून ओरडले, “ठमाबाई, पाणी आलं का?”

गच्चीवरून तिचा आवाज, साऱ्या वसाहतीला ऐकू जाईल असा: “नाय गो! तुमच्याकडं?”

“माझ्याकडे आहे! गुडघ्यापर्यंत!”

अंगण क्षणभर गप्प. मग जे हसले! अण्णांनी रेडिओ बारीक केला आणि सगळे पंपघराकडे तोंड करून बसले.

मी विनोद करायला बोलले नव्हते.

नाही — त्यासाठीच बोलले.